महायुद्ध शिकवा, पण सुरुवात हिटलरपासून नको

शाळेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम बदलायची वेळ आली की आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धावरून एक ठरलेला वाद रंगतो. एक बाजू म्हणते, मुलांना आधी शिवकाल आणि स्वातंत्र्यलढा नीट कळू दे. जर्मनी-पोलंडच्या भांडणाशी सातारा-सोलापूरच्या पोरांचे काय देणेघेणे? दुसरी बाजू म्हणते, हिटलर माहीत नसलेला पदवीधर जगात कुठे तोंड दाखवणार? पहिल्यांना हे युद्ध परके वाटते, दुसऱ्यांना ते सामान्यज्ञान वाटते. गंमत अशी की दोघांच्या डोळ्यांसमोर युद्ध मात्र एकच आहे: १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडच्या सीमेवर सुरू होणारे, मध्ये पर्ल हार्बर, मग बर्लिनचा बंकर आणि शेवटी दोन अणुबॉम्ब. एवढेच शिकवायचे असेल तर तो धडा ठेवला काय आणि गाळला काय, मुलांच्या पदरात सारखेच पडणार.

माझे म्हणणे असे आहे, की दुसरे महायुद्ध दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला सक्तीने शिकवावे आणि त्याला किमान दहा तासिका द्याव्यात. मात्र त्याची सुरुवात मुंबईची गोदी, रेशनचे दुकान, लष्करभरती आणि निर्वासितांच्या छावण्या येथून करावी आणि तेथून ऑश्विट्झ, स्टालिनग्राड, हिरोशिमापर्यंत जावे. उलट दिशेने जाऊ नये. यामागे 'आपल्या मातीतले' काहीतरी शोधून धड्याला ठिगळ लावण्याचा हेतू नाही. कुणालाही न विचारता एक युद्ध कोट्यवधी माणसांच्या घरात कसे घुसते, हे कळायला या वाटेइतकी दुसरी वाट सरळ नाही, एवढेच कारण आहे.

आज काय चालते ते आधी पाहू. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात 'जागतिक महायुद्धे आणि भारत' असे प्रकरण आहे, पण ते अकरावी-बारावीला इतिहास घेणाऱ्यांपुरते. दहावीचे पुस्तक इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास या विषयांना वाहिलेले आहे. ते चांगलेच आहे, पण त्यात महायुद्ध असे म्हणून नाही. म्हणजे विज्ञान किंवा वाणिज्य शाखेला जाणारा मुलगा महायुद्ध शाळेत शिकतच नाही असे म्हटले तरी चालेल. शिकत नाही म्हणून त्याला ते माहीत नसते का? माहीत असते, पण मोबाइलवरच्या चित्रफितींतून, आणि पुण्या-मुंबईच्या पदपथावर वर्षानुवर्षे विकल्या जाणाऱ्या हिटलरच्या आत्मचरित्रातून. तिथे त्याला भेटतो तो 'कणखर नेता', ज्याने म्हणे रस्ते बांधले, बेकारी घालवली आणि देशाला शिस्त लावली. पुस्तकातून धडा गाळला म्हणून हा हिटलर निघून जात नाही. समोर उत्तर द्यायला कोणी नसल्यामुळे उलट तो पक्का होतो.

विरोधातले मुद्दे सगळेच पोकळ नाहीत. पहिला वेळेचा. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण, आठवड्याला दोन-तीन तासिका, त्यात सहामाही, स्नेहसंमेलन, शिक्षकांच्या मागे लावलेली निवडणुकीची कामे. दहा तासिका म्हणजे जवळजवळ महिना. एवढ्या तासिका द्यायच्या तर दुसरे काहीतरी गाळावे लागेल, आणि हे मान्य न करता नुसती यादी वाढवणारे शिक्षणतज्ज्ञ पाट्या टाकत असतात. दुसरा मुद्दा शिक्षकांच्या तयारीचा, तोही खरा. तिसरा सर्वांत वजनदार आहे. स्थानिक वाटेने गेलात तर साठ लाख ज्यूंचा पद्धतशीर संहार आणि सोव्हिएत संघाचे अडीच कोटींहून अधिक मृत हे सगळे कोपऱ्यात जाईल, आणि उरेल ती 'आमच्यावरही अन्याय झाला' ही रडकथा. युद्धाचा गाभा सोडून मुले आपल्याच गावाभोवती फिरत राहतील. या आक्षेपाला उत्तर देता आले नाही तर माझी मांडणी कोसळते, म्हणून त्याकडे जरा सावकाश येतो.

आधी 'परके युद्ध' या समजुतीचा निकाल लावू. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले, ते एकाही निवडून आलेल्या भारतीय प्रतिनिधीला न विचारता. त्यावरून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यांत मुंबई प्रांतातले बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळही होते. पुढच्या सहा वर्षांत पंचवीस लाखांवर माणसे सैन्यात भरती झाली. त्यांच्यात कोकण आणि साताऱ्याकडचे हजारो होते. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतली बहुतेक माणसे मशीनगनच्या माऱ्यात मेली वा जायबंदी झाली, तेव्हा ते एकटे त्या मोर्चावर चालून गेले, आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीवर तोच सन्मान नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी मिळवला. हे युद्ध परके असेल तर ही माणसे तिथे काय करत होती? शाळेत विचारायचा पहिला प्रश्न हाच. त्याचे उत्तर 'शौर्य गाजवत होती' एवढ्यावर थांबता कामा नये. पगार, जमीन, पेन्शन, पलटणीची परंपरा, पेटलेली महागाई आणि दुसऱ्या कामाचा अभाव, यांपैकी कशाने कोण गेले?

इथे सातारा जिल्हा हाताशी घ्यावा, कारण तो कुठल्याच साच्यात बसत नाही. लष्करभरतीचा हा जुना जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावामागे तर 'मिलिटरी' लागलेच आहे. आणि याच जिल्ह्यात १९४३ पासून नाना पाटलांचे पत्री सरकार ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून न्यायनिवाडे करत होते. एका घरातला एक भाऊ इटलीत आणि दुसरा भूमिगत, हे चित्र अशक्य नव्हते. त्यापुढे ऑगस्ट १९४२ मधल्या महाराष्ट्रातल्या भूमिका मांडाव्यात. काँग्रेस गवालिया टँकवरून 'चले जाव' म्हणत होती. डॉ. आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. नाझी विजय ही सर्वांत मोठी आपत्ती ठरेल असे ते मानत होते, आणि त्यांच्याच प्रयत्नांच्या काळात ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार पलटण पुन्हा उभी राहिली. ('पुन्हा' म्हणायचे कारण, पहिल्या महायुद्धात उभारलेली पलटण गरज सरताच १९२१ ला मोडीत काढली होती.) सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात शिरून शस्त्रविद्या शिका म्हणत होते. कम्युनिस्टांनी २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईच्या गिरण्यांत युद्धविरोधी संप घडवला होता, त्यात नव्वद हजारांच्या आसपास कामगार उतरले. पण २२ जून १९४१ ला जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांच्या लेखी हेच युद्ध 'लोकयुद्ध' झाले. चार भूमिका, चारही मराठी माणसांच्या तोंडच्या, चारहींना आपापला तर्क. यातून मुलांना जे कळते ते 'दोस्त राष्ट्रे' आणि 'अक्ष राष्ट्रे' अशा दोन रकान्यांतून कसे कळणार?

आता गोदी. महायुद्ध म्हणजे काय हे एका दिवसात दाखवायचे असेल तर १४ एप्रिल १९४४ ची मुंबई घ्यावी. 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, सुटी केलेली विमाने, आणि युद्धखर्चाने घसरलेल्या रुपयाची पत सावरण्यासाठी पाठवलेल्या सोन्याच्या विटा. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या गाठी, तेल, लाकूड असे हाताला लागेल ते भरले गेले. शांततेच्या काळात कापूस आणि स्फोटके एका जहाजात कोणी भरली नसती. पण जहाजांचा तुटवडा इतका होता, की जागा रिकामी ठेवणे हाच गुन्हा वाटत होता. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकला लागले. स्फोटके असल्याचा लाल बावटा वर चढला नव्हता, माल उतरवायला उशीर होत होता. १४ तारखेला दुपारी कापसाने पेट घेतला. अग्निशमन दलाने खाली पाणी मारले. त्या पाण्यावर पेटत्या गाठी तरंगून वर, स्फोटकांच्या दिशेने सरकल्या. जहाज धक्क्यालाच बुडवायचे, समुद्रात ओढून न्यायचे की आग विझवत राहायचे, यावर कप्तान, बंदराचे अधिकारी, अग्निशमन दल आणि लष्करी स्फोटक-अधिकारी यांच्यात निर्णय होईना. शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. गोदी कामगार आणि आसपासच्या वस्तीतले किती गेले, याच्या अधिकृत आकड्यात आणि नंतरच्या अंदाजांत शेकड्यांचा फरक आहे. धान्याची गोदामे जळाली, तीही रेशनिंगच्या दिवसांत.

सोन्याची वीट उडून लांबच्या घरात पडल्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा, ती ऐकून वर्ग जागा होतो. पण तासिका तिच्यावर संपवू नका, कारण हा स्फोट म्हणजे निव्वळ दुर्दैव किंवा हलगर्जी नव्हती. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या, म्हणून जहाजे कमी होती. जहाजे कमी होती म्हणून कापसाजवळ स्फोटके होती. ब्रिटिश सरकार भारतात खरेदी करून पैसे लंडनमध्ये जमा दाखवत होते, त्या जमेच्या आधारावर इथे रिझर्व्ह बँक नोटा छापत होती. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा सहा पटींच्या आसपास गेल्या आणि अखेरीस ब्रिटन भारताला १३० कोटी पौंडांच्या घरात देणे लागत होते. त्या नोटांमुळे भाव चढले, भाव आवरायला सोने आले, ते सोने याच जहाजात होते. फळ्यावर मध्यभागी जहाज काढावे आणि प्रत्येक मालापासून एक बाण त्याच्या कारणाकडे न्यावा. पस्तीस मिनिटांत अटलांटिकची लढाई, युद्धाचा हिशेब आणि महागाई एकाच आकृतीत येतात. 'दुसऱ्या महायुद्धाची आर्थिक कारणे व परिणाम' या मथळ्याखालच्या आठ मुद्द्यांनी हे होत नाही, कारण त्या आठ मुद्द्यांमध्ये एकमेकांना जोडणारे काहीच नसते.

आता त्या वजनदार आक्षेपाकडे. स्थानिक वाट नेमकी कुठे नेते? कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. आज त्या जागी गांधीनगर आहे, कारण पोलिश गेल्यावर फाळणीतले सिंधी निर्वासित तिथे वसवले गेले. ही पोलिश माणसे कोल्हापूरला कशी आली? हिटलरपासून पळून, असे उत्तर वर्गातले नव्वद टक्के विद्यार्थी देतील आणि ते चुकीचे आहे. २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी अनाक्रमणाचा करार केला, त्याच्या गुप्त कलमात पूर्व युरोप वाटून घेतला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारचा मॉस्कोशी समझोता झाला, त्यातून हे लोक सुटले आणि इराणमार्गे इथवर पोहोचले. एका छावणीचा पत्ता शोधताना मुलांच्या हाती स्टालिन, गुलाग म्हणजे सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्या, गुप्त करार आणि 'दोस्त राष्ट्रांमध्ये'च बसलेला एक जुलमी राजा, हे सगळे लागते. याला संकुचित कोण म्हणेल?

ज्यूंच्या संहारापर्यंतची वाट अहमदनगरहून जाते. युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने भारतातल्या प्रौढ जर्मन पुरुषांना 'शत्रुदेशीय' म्हणून पकडून नगरच्या छावणीत ठेवले. त्यांत नाझी प्रचारक होते, मिशनरी होते, आणि नाझींच्याच छळातून जीव वाचवून मुंबईत आलेले ज्यू डॉक्टर आणि व्यापारीही होते. चौकशीअंती ज्यूंपैकी बहुतेकांना सोडले. काहींना पुढे पुरंदर किल्ल्यावरच्या छावणीत दिवस काढावे लागले. आता प्रश्न विचारा: जर्मनीत डॉक्टर असलेल्या माणसाला देश का सोडावा लागला? उत्तरासाठी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारे १९३५ चे न्युरेंबर्ग कायदे वाचावे लागतात. आणखी लोक का आले नाहीत? कारण भारतात यायला नोकरीची हमी लागे. आणि १९३८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांसाठी जमले होते. जवळजवळ सर्वांनी सहानुभूती दाखवून हात वर केले. जे निघू शकले नाहीत त्यांचे काय झाले? इथून पुढच्या दोन तासिका पूर्ण ऑश्विट्झ, ट्रेब्लिंका या मृत्यूछावण्या आणि संहाराची आखणी करणारी जानेवारी १९४२ ची वान्झे बैठक यांसाठी राखाव्यात; तिथे महाराष्ट्राचा उल्लेखही नको. आकाशवाणीच्या सुरुवातीची ओळखधून ज्यांच्या नावे सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन प्रागहून मुंबईला आले होते. मुंबईच्या तरुण चित्रकारांना पाठबळ देणारे रुडॉल्फ फॉन लायडन आणि वॉल्टर लँगहॅमर हेही त्याच लाटेतले. जे वाचले ते असे होते हे कळले की साठ लाख हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

'आमच्यावरही अन्याय झाला' या धोक्याबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. १९४३ चा बंगालचा दुष्काळ शिकवायलाच हवा. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी आले तर त्यांना मिळू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या वा मोडल्या, ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ आले, पिकावर रोग पडला, भाव आकाशाला भिडले, आणि लंडनने धान्याची जहाजे पाठवायला हात आखडता घेतला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज २० ते ३० लाखांपर्यंत जातात. हा फरक का पडतो, कोणते महिने मोजायचे आणि रोगाने मेलेला माणूस दुष्काळाचा बळी धरायचा की नाही, यावर अर्धी तासिका सहज जाते आणि ती सत्कारणी लागते. पण इथेच वर्गात हमखास एक वाक्य येते: 'म्हणजे चर्चिल आणि हिटलर सारखेच.' शिक्षकाने हे वाक्य दडपू नये आणि सोडूनही देऊ नये. गॅस चेंबरमध्ये मारणे हाच उद्देश होता. त्यासाठी आगगाड्या आणि कारखाने राबवले जात होते. बंगालमध्ये कुणाचे पोट आधी भरायचे याचा क्रम लावला गेला आणि खेड्यातला भूमिहीन त्या क्रमात शेवटी आला. दोन्हींतले गुन्हेगार वेगळ्या प्रकारचे, पुरावे वेगळे, बचावाचे युक्तिवाद वेगळे. हा फरक पंधरा वर्षांच्या मुलाला समजतो. तसेच मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये सुरू झाले आणि कलकत्त्यात जानेवारी १९४४ मध्ये, ही तुलना उपयोगी आहे, पण तिच्यावरून मुंबई प्रांताची पाठ थोपटू नये. तेव्हा याच प्रांतात असलेल्या विजापूरकडे त्याच काळात मोठी टंचाई होती, आणि बंगालमध्ये मेले ते मुख्यतः कलकत्त्याचे नागरिक नव्हते, खेड्यापाड्यातले लोक होते.

नेताजींचा प्रश्न आला की वर्गात घोडे अडते. बहुतेक शिक्षक आझाद हिंद सेनेचे पोवाडे गातात आणि बर्लिनचा मुक्काम दोन ओळींत उरकतात. तसे करू नये. नेताजी १९४१ ते १९४३ जर्मनीत होते, मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले, उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून तिथे सुमारे तीन हजारांचे पथक उभे राहिले. त्याच उत्तर आफ्रिकेत आणि नंतर इटलीत मराठा पलटणी जर्मनांशी लढत होत्या. ब्रिटिशांनी गुलाम केलेल्या देशाच्या नेत्याला ब्रिटिशांचा शत्रू जवळचा वाटला यात नवल नाही. तो शत्रू कोण होता हे आज आपल्याला ठाऊक आहे, हेही खरे. दोन्ही वाक्ये एकाच तासिकेत उच्चारता येतात. त्यापुढे लाल किल्ल्यावरचे खटले आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावरून पेटलेला नाविकांचा उठाव शिकवला, की युद्धाचा शेवट भारतात ऑगस्ट १९४५ ला झाला नव्हता हे आपोआप दिसते. सुरुवातही १९३९ ला झाली नव्हती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, कारण तिथे जुलै १९३७ पासूनच जपानशी युद्ध पेटले होते. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच वारले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. युद्ध कधी सुरू झाले, हा रिकामी जागा भरायचा प्रश्न नाही, एवढे तरी कोटणीसांमुळे कळावे.

'युद्ध शिकवले की मुले शहाणी होतात' असा भाबडा दावा मी करत नाही. चुकीचे शिकवलेले युद्ध न शिकवलेल्या युद्धापेक्षा घातक ठरते. १९१८ च्या २९ सप्टेंबरला जर्मन सेनापती लुडेनडॉर्फनेच सरकारला शस्त्रसंधी मागायला सांगितले होते. पण नोव्हेंबर १९१९ मध्ये त्याचेच वरिष्ठ हिंडेनबुर्ग संसदीय चौकशीपुढे म्हणाले, सैन्य हरले नव्हते, त्याच्या पाठीत वार झाला. ही समजूत घेऊन वाढलेल्या पिढीने १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आलेला पाहिला. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना त्यांच्यात मुसोलिनी आणि हिटलर दिसले. १९३८ मध्ये हिटलरशी तडजोड केली तसे पुन्हा करायचे नाही, या एकाच धड्यावर त्यांनी फौजा पाठवल्या. अमेरिकेने पौंडाची कोंडी करताच माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १९५७ मध्ये पदही गेले. जपानमध्ये इएनागा साबुरो या इतिहासकाराने पाठ्यपुस्तकातून युद्धातले अत्याचार गाळायला लावणाऱ्या सरकारवर १९६५ पासून खटले भरले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसांवर जैविक शस्त्रांचे प्रयोग करणाऱ्या जपानी लष्कराच्या युनिट ७३१ चा उल्लेख गाळायला लावणे बेकायदा ठरवले. पहिल्या खटल्यापासून बत्तीस वर्षे. पाठ्यपुस्तकातले युद्ध हा किरकोळ मामला असता तर कुठल्या सरकारने एवढी झुंज घेतली असती?

राहिला वेळेचा आणि शिक्षकांचा प्रश्न. वेळ लढायांची यादी गाळून मिळतो. डंकर्क, अल अलामेन, मिडवे, नॉर्मंडी ही नावे नकाशावर एका तासिकेत दाखवून सोडून द्यावीत. शिक्षकांची तयारी प्रशिक्षण शिबिरातल्या भाषणांनी होत नाही, हाताशी तयार साहित्य असले की होते. प्रत्येक तासिकेला तीन साधने पुरेत, प्रत्येक दीडशे शब्दांच्या आत. त्याहून लांब उतारा दिला की वाचनातच तास संपतो. एक सरकारी जाहिरात, एक वर्तमानपत्री बातमी, एक आठवण. गावातले काम करायचे असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरची मृतांची यादी मोफत आहे. त्यात आडनाव टाकून शोधू नये, कारण इंग्रजी कारकुनांनी एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहिले आहे. पलटण 'फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री' आणि अतिरिक्त माहितीच्या रकान्यात जिल्ह्याचे नाव टाकावे. पुष्कळ नोंदींत वडिलांचे आणि गावाचे नाव मिळते. गावाचे स्पेलिंग ओळखू आले नाही तर मोठ्याने वाचावे, बहुधा उलगडते. कबर सापडली नाही म्हणून मुले हिरमुसतात. त्यांना सांगावे की हिंदू शिपायांचे दहन होई, म्हणून त्यांची नावे इटलीतल्या सांग्रो नदी किंवा फोर्लीच्या दहन-स्मारकांवर, किंवा घाडग्यांप्रमाणे कासिनोच्या स्मारकावर असतात. पहिल्या महायुद्धातले नाव शोधायला गेलात तर पलटणींचे क्रमांक बदललेले दिसतील: इराकमधल्या कुतला तुर्कांना शरण गेलेली ११० वी मराठा १९२२ नंतर तिसरी बटालियन झाली, घाडगे त्याच बटालियनचे. आणि बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावे कोरलेलीच नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या आहे. हे का, हाही एका तासिकेचा विषय.

परीक्षा बदलली नाही तर यातले काहीही टिकणार नाही, हे उघड आहे. 'दुसऱ्या महायुद्धाची चार कारणे लिहा' असा प्रश्न राहिला तर गाइड चार कारणे छापेल आणि पोपटपंची सुरू राहील. त्याऐवजी चार गुणांना वळिवडे छावणीवरचा पाच ओळींचा उतारा द्यावा आणि विचारावे: ही माणसे १९३९ मध्ये कुठे राहत होती, त्यांना कोणी हलवले, १९४१ मध्ये काय बदलले, आणि उतारा लिहिणाऱ्याने काय सांगायचे टाळले आहे? पहिल्या तीन भागांना एकेक गुण तारीख किंवा कारण अचूक असेल तरच द्यावा. चौथ्याला दोन-तीन वेगवेगळी उत्तरे बरोबर असू शकतात, म्हणून तपासणाऱ्यांसाठी नमुना उत्तरे एकाऐवजी तीन छापावीत, नाहीतर नियामक पहिल्याच दिवशी एक उत्तर 'योग्य' ठरवून मोकळे होतील.